पुढच्या चाकाचा ताप

गाडीच्या पुढच्या चाकाला ताप आलाय, हे सगळ्यांत आधी वॉचमनच्या नाकाला कळलं. शिक्केसाहेब बँकेतून परतले, गाडी नेहमीच्या खांबाशेजारी लावली, दार लावून दोनदा ओढून पाहिलं, आणि जिन्याकडे वळणार तोच वॉचमन खुर्ची सोडून उठून आला.

"साहेब, काहीतरी जळतंय."

"कुणीतरी कचरा पेटवला असेल."

"कचऱ्याचा वास असा नसतो," वॉचमन म्हणाला. दिवसाचे बारा तास खुर्चीत बसून काढणारा तो माणूस; कुठल्या मजल्यावर कुणाचं दूध उतू गेलं हे तो तळमजल्यावरून सांगत असे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी थांबला. "इथून येतोय."

शिक्केसाहेबांनी वाकून चाकाच्या मधल्या भागाला हात लावला. लावला त्याच्या दुप्पट वेगाने काढला आणि आपल्याला काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दोन बोटं खिशात घातली.

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते ते. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, खऱ्या वजनावर शिक्का मारायचा, खोटं जप्त करायचं. म्हणून शिक्केसाहेब. खरं आडनाव पोस्टमन सोडून कुणाला आठवत नव्हतं, आणि हल्ली पोस्टमनही फारसा येत नव्हता. अशा माणसाला "चाक तापलंय" एवढ्याने झोप लागणं शक्य नव्हतं. किती तापलंय ते कळायला हवं होतं.

वॉचमनच्या टेबलाच्या खणात साथीच्या वर्षांतलं एक यंत्र पडून होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर रोखून ताप बघायचं. शिक्केसाहेबांनी ते चाकावर रोखलं. यंत्र लाल झालं आणि केविलवाणं बीप-बीप करत राहिलं.

"किती?" मागून आवाज आला. तळमजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर दवाखाना बंद करून बाहेर आले होते. दवाखाना बंद करायला त्यांना फार कष्ट पडत नसत, कारण तो उघडल्याची दखल सहसा कुणी घेत नसे.

"बेचाळीसच्या पुढे दाखवतच नाही हे."

"बेचाळीसच्या पुढे माणूस राहतच नाही, म्हणून दाखवत नाही," डॉक्टर म्हणाले आणि उकिडवे बसले. "त्रास सकाळी जास्त होतो की संध्याकाळी? वळताना होतो की सरळ जाताना? पहिल्यांदा कधी जाणवलं?"

शिक्केसाहेबांना नाइलाजाने कबूल करावं लागलं की, हो, आठ-दहा दिवस गाडी जरा एका अंगाला ओढत होती. उतारावर गिअर काढला तरी पूर्वीसारखी आपसूक घरंगळत नव्हती. पेट्रोलही जास्त पीत होती. पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. "म्हटलं, वय झालं."

"गाडीचं?"

"तेच," शिक्केसाहेब म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फोन वाजला. फोन रोज सातलाच वाजत असे. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ताई एकट्याच राहायच्या. बायको पंधरा दिवसांसाठी म्हणून, दोन जोड कपडे घेऊन, एकशे चाळीस किलोमीटरवरच्या त्या गावी गेली. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे पाच झाले. शिक्केसाहेबांनी मध्ये एकदा पार्सलने तिचे उरलेले कपडे पाठवले. आपण फार समजूतदारपणा दाखवला असं त्यांना वाटलं होतं. पार्सल मिळाल्यावर ती फोनवर जरा वेळ गप्प होती, त्याचा अर्थ मात्र त्यांना अजून लागला नव्हता.

त्यांचा फोन ठरलेला असे. जेवलात का, औषध घेतलं का, ताईंचं कसं आहे, ठेवतो. दीड मिनिट. ते घड्याळ लावून मोजत नसत, पण डोळा घड्याळाकडे जाई. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "गाडीचं चाक तापतंय."

"कुठलं?"

"पुढचं. माझ्या बाजूचं."

"म्हणजे किती तापतंय?"

चौतीस वर्षांच्या संसारात आपल्या मनातला प्रश्न तिने इतका अचूक विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. तापाचं यंत्र, डॉक्टरांचे प्रश्न, वॉचमनचं नाक. ती दोनदा हसली. शेवटी ते म्हणाले, "खरं तर या रविवारी तुला न्यायला यावं असं मनात होतं. पण असल्या गाडीने कसं निघायचं."

"घाई नाही," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. शिक्केसाहेब हॉलमधल्या खुर्चीत बसून "घाई नाही" हे दोन शब्द तोलत राहिले. एका पारड्यात घातले की वाटायचं, काळजीने म्हणाली. दुसऱ्या पारड्यात घातले की वाटायचं, तिला यायचंच नाही. काटा मधोमध थरथरत होता. असा काटा समोर आला की ते दुकानदाराला नोटीस देत असत. इथे द्यायची कुणाला?

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. गॅरेज मोठं होतं. तिथे गाडीच्या मालकाला काचेच्या खोलीत बसवून ठेवतात आणि गाडीला आत नेतात. काचेतून गाडी दिसते पण काय करतायत ते कळत नाही, थोडक्यात ऑपरेशन थिएटरसारखं. तासाभराने मुख्य मिस्त्री हात पुसत आला. त्याने गाडी वर उचलली होती. चाक हाताने फिरवलं होतं. चाक भिंगरीसारखं फिरलं.

"काही नाही झालेलं, काका. ब्रेकचे पॅड थोडे झिजलेत, बदलून टाकतो. खाली ज्या दोन पिना असतात त्यांना ग्रीस लावतो. सुटून जाईल."

'काका' हा शब्द शिक्केसाहेबांना झोंबला. ज्या खात्यात त्यांना बघून दुकानदार उठून उभे राहत, त्या खात्याने त्यांना 'काका' होण्यासाठी निवृत्त केलं नव्हतं. पण पॅड बदलले, ग्रीस लागलं, आणि गाडी दोन दिवस गुणी बाळासारखी वागली. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले, येताना सहा सिग्नल लागले, आणि खांबाशेजारी गाडी उभी करेपर्यंत वॉचमन नाक वर करून उठला होता.

ते तडक गॅरेजमध्ये जाणार होते, पण तापलेलं चाक घेऊन जाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं. "आधी थंड होऊ द्या, रात्रभर विश्रांती." सकाळी शिक्केसाहेब गेले. गाडी उचलली, चाक फिरवलं. भिंगरी.

"बघा," मिस्त्री म्हणाला.

"काल धरत होतं."

"आता कुठे धरतंय?"

हे असं तीनदा झालं. रोगी डॉक्टरपुढे गेला की खोकला थांबतो, तसली गत. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने कॅलिपर बदलला. कॅलिपर म्हणजे चाकाच्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा, एवढं ज्ञान शिक्केसाहेबांना आता झालं होतं आणि ते भेटेल त्याला देत होते. नवा पंजाही चार दिवसांत जुन्यासारखा वागू लागला. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने गाडी उचललीच नाही. तो काचेच्या खोलीत आला, शेजारच्या खुर्चीत बसला आणि खूप मायेने म्हणाला, "काका, घरी कोण असतं तुमच्या?"

"का?"

"नाही, असंच. माझे वडील पण आई गेल्यावर रोज सांगायचे, पंखा आवाज करतो म्हणून. मी चार वेळा पंखा उतरवला. पंखा ठणठणीत होता."

"माझी बायको गेलेली नाही," शिक्केसाहेब म्हणाले. "बहिणीकडे गेली आहे."

"हो, हो," मिस्त्री म्हणाला. त्याने हे ज्या समजुतीच्या सुरात म्हटलं त्या सुराला वजनमापे कायद्यात कलम नव्हतं. शिक्केसाहेब उठले आणि गाडी घेऊन निघाले. घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी मुद्दाम पंधरा वेळा ब्रेक मारला. चाक तापलं. ते तापलं याचा त्यांना आनंद झाला आणि आपल्याला आनंद झाला याची शरम वाटली.

पण एक गोष्ट खरी होती. त्या तीन आठवड्यांत सकाळी दहाच्या सुमाराला खांबाशेजारी माणसं जमू लागली होती. डॉक्टर यायचे, वॉचमन तर होताच, सोसायटीचे सेक्रेटरी कचऱ्याच्या डब्यांची पाहणी करून तिथेच थांबायचे. सेक्रेटरी विमा कंपनीत होते, त्यामुळे कोणत्याही गोष्टीत काय-काय वाईट होऊ शकतं हे त्यांना पाठ होतं. त्यांचं मत हँडब्रेकवर होतं. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, हे शिक्केसाहेबांनी त्यांना चार वेळा सांगितलं, पाचव्या वेळी सेक्रेटरी म्हणाले, "तोच तर धोका आहे." संध्याकाळी सातला हे सगळं शिक्केसाहेब फोनवर सांगत. नऊ मिनिटांची बारा झाली होती. एकदा ताईही फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, त्या चाकाचं काय ठरलं?" ताईंनी गेल्या वीस वर्षांत त्यांना आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

आणि न्यायला यायचा विषय गाडी बरी झाल्यावरचा होता. त्यामुळे तो निघत नव्हता. दोघांनाही ते सोयीचं होतं की एकालाच, एवढं मात्र शिक्केसाहेबांना कळत नव्हतं.

मिस्त्रीणबाईंचं नाव डॉक्टरांनी सुचवलं. त्या त्यांच्या पेशंट होत्या, हाताला इसब. बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्या एकट्या गाड्या दुरुस्त करत. वडिलांचं गॅरेज होतं, वडील गेले, पाना हातात राहिला. शिक्केसाहेब गेले तेव्हा त्या एका गाडीखाली होत्या. त्यांनी खालूनच सगळी हकिगत ऐकली. मध्ये एकदाही "काही नाही झालेलं" म्हणाल्या नाहीत.

"रात्रभर उभी राहिली की सुटतं?"

"सुटतं."

"मग उद्या मला दाखवून उपयोग नाही. बरी असताना कुणी काय सांगणार. धरलं की जिथं असाल तिथंच थांबा, थंड होऊ देऊ नका, मला फोन करा. मी येते."

शिक्केसाहेबांनी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा डॉक्टरांचे डोळे पाणावले. तीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते, आणि लोक बरे झाल्यावर येत असत.

आता प्रश्न सोसायटीचा. आवारात वाहन दुरुस्ती करू नये, असा नियम जिन्यात लावलेला होता. चाक घराजवळ धरलं तर बाई आवारात येणार. शिक्केसाहेब नियम पाळणारे. त्यांनी आधीच अर्ज केला. सेक्रेटरींनी छापील नमुना दिला. त्यात वाहन क्रमांक, मजला, आणि का कोण जाणे, 'कुटुंबातील एकूण व्यक्ती' असा रकाना होता. शिक्केसाहेबांचं पेन तिथे बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं : 'दोन. पैकी हजर एक.'

सेक्रेटरींनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मग कामाचं बोलले. "दुरुस्तीला परवानगी देता येणार नाही, साहेब. आज तुम्हाला दिली, उद्या कुणी ट्रक खोलून बसेल."

"दुरुस्ती नाही. निदान."

"म्हणजे?"

"काय बिघडलंय ते बघायचं. नीट करायचं नाही."

यावर कमिटीची सभा झाली. तीन दिवसांनी लेखी उत्तर आलं : 'सदर वाहनाच्या निदानास कमिटीची हरकत नाही. तथापि निदान झाल्यावर दुरुस्ती करू नये.' शिक्केसाहेबांनी आयुष्यात खूप सरकारी कागद वाचले होते, लिहिलेही होते. हा कागद त्यांनी आदराने घडी करून खिशात ठेवला.

आणि अर्थातच चाक धरेना. ते रोज सकाळी गाडी काढत आणि गावाला वळसा घालत. बाजार, शाळा, टपाल कचेरी, नदीवरचा पूल, परत बाजार. प्रत्येक सिग्नलला नीट ब्रेक दाबत. शेजारची सीट रिकामी, तिच्यावर पाण्याची बाटली आणि मिस्त्रीणबाईंचा नंबर लिहिलेला कागद. चार दिवस गाडी हवेसारखी चालली. चौथ्या दिवशी पुलावर त्यांच्या लक्षात आलं की आपण गाडीशी बोलतोय. "आता धर की," असं ते म्हणाले होते, अगदी मोठ्याने, आणि बाजूच्या सायकलवाल्याने वळून पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला धरलं. नेमकं फाटकात. सोसायटीचं फाटक रुळावर सरकणारं, तो रूळ जमिनीपासून दोन बोटं वर. पुढची चाकं त्या रुळाला टेकली आणि गाडीने आचका दिला, पुन्हा दिला, आणि इंजिन बंद पडलं. पुढचं अंग आत, मागचं रस्त्यावर. समोर ऑफिसला निघालेल्या सात गाड्या, आणि सातांतली पहिली सेक्रेटरींची.

शिक्केसाहेब खाली उतरले. चाकापाशी धूर नव्हता, पण वास असा की वॉचमनने नाकाला रुमाल लावला. त्यांनी शांतपणे फोन केला. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "हलवू नका," आणि ठेवला.

"ढकलू या," सेक्रेटरी म्हणाले. "मला दहाला पोचायचंय."

पाच जणांनी ढकललं. गाडी तसूभर हलली नाही. पाचांतला एक जण म्हणाला की त्याच्या पाठीत काहीतरी वाजलं. डॉक्टर आनंदाने त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

मिस्त्रीणबाई स्कूटरवरून आल्या. पायांशी जॅक, पिशवीत चार-पाच पाने. काही न बोलता त्यांनी गाडी उचलली आणि चाकाला दोन्ही हात लावून जोर केला. चाक जागचं हललं नाही. "छान," त्या म्हणाल्या. फाटकात अडकलेल्या सात गाड्यांपैकी कुणालाही त्यात छान काही दिसलं नाही. मग त्यांनी चाक काढलं, आतल्या पंजावरचा एक बारीक नट पान्याने जरासा सैल केला, आणि चिर्र करून तेलाची पिचकारी उडाली. ती सेक्रेटरींच्या पँटवर पडली. बाईंनी हाताने थाळी फिरवून पाहिली. भिंगरी.

"पंजाचा दोष नाही, पॅडचा नाही," त्या म्हणाल्या. बोलत होत्या शिक्केसाहेबांशी, ऐकत होतं सगळं फाटक. "ब्रेक दाबला की तेल इथं येतं, पाय काढला की परत जायला पाहिजे. इथं अडकून बसतंय. वरून दोष असता तर आणखी चाकं धरली असती. एकच धरतंय म्हणजे हा." त्यांनी बोटाएवढा जाड काळा रबरी पाइप दाखवला. "बाहेरून धडधाकट आहे. आतून सुजलाय. पायाचा जोर असतो तोवर तेल जातं, परत यायला मात्र रात्र लागते. म्हणून सकाळी बरी."

शिक्केसाहेब पाइपाकडे बघत राहिले. महिनाभर चाललेल्या या प्रकरणात आपण खोटं बोलत नव्हतो, हे एका त्रयस्थ माणसाने चारचौघांत सांगितलं होतं.

"बदलायला किती वेळ?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अर्धा तास. पाइप घेऊनच आलेय."

"मग बदला लवकर."

"बदलता येणार नाही," शिक्केसाहेब म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि सावकाश वाचला. 'तथापि निदान झाल्यावर दुरुस्ती करू नये.' "निदान झालेलं आहे."

मागून तिसऱ्या गाडीने हॉर्न दिला. सेक्रेटरींनी आपल्या पँटकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "साहेब, मी परवानगी देतो. तोंडी."

"तोंडी चालत नाही. तुम्हीच म्हणाला होता, उद्या कुणी ट्रक खोलून बसेल."

शेवटी सेक्रेटरींनी शिक्केसाहेबांच्याच गाडीच्या बॉनेटवर विजेच्या बिलाचं पाकीट उलटं ठेवून परवानगी लिहिली, सही केली, तारीख घातली. निवृत्तीनंतर शिक्केसाहेबांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पाइप बदलल्यावर तेलातली हवा काढायची असते. बाई खाली बसून सांगत होत्या, शिक्केसाहेब आत बसून करत होते. "दाबा. धरून ठेवा. सोडा. परत दाबा." वीसेक वेळा झालं. चाक चढलं, जॅक उतरला, गाडी दोन बोटांचा रूळ ओलांडून अलगद आत आली. सात गाड्या सुसाट बाहेर गेल्या. बाई हात पुसत म्हणाल्या, "आता बिनघोर जा, काका."

"कुठे?"

"वहिनींना आणायला. डॉक्टर म्हणत होते."

या वेळी 'काका' झोंबलं नाही. 'वहिनी' झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शिक्केसाहेब खाली आले. वॉचमनने विचारलं, "कशी आहे गाडी?" ते म्हणाले, "बरी आहे." यावर कुणाला पुढे काही विचारता येईना. डॉक्टर आले, त्यांनी चाकाला हात लावून पाहिला, जरा हिरमुसले आणि परत गेले. सेक्रेटरी डबे बघून सरळ निघून गेले. तिसऱ्या दिवशी शिक्केसाहेब खांबाला टेकून वीस मिनिटं उभे होते. एक मांजर आलं, चाकाचा वास घेऊन गेलं. बरी गाडी ही एक अत्यंत नीरस वस्तू असते, हे त्यांना पूर्वी माहीत नव्हतं.

फोनवर त्यांनी पाइपची हकिगत सांगितली होती, पाकिटावरच्या परवानगीसकट. ती पोटभर हसली होती. मग म्हणाली होती, "मग आता?"

"आता काही नाही. बरी आहे."

"बरं," ती म्हणाली.

तिने काहीतरी विचारलं होतं, हे फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं. पुढचे दोन दिवस फोन पुन्हा दीड मिनिटावर आला. शुक्रवारी ते घसा साफ करून म्हणाले, "गाडी गावात ठीक चालते, पण लांबच्या रस्त्यावर बघायला हवी. शंभर किलोमीटरच्या पुढे कशी वागते ते."

"ताईचं घर एकशे चाळीसवर आहे."

"हो. म्हणजे बसतं त्यात."

शनिवारी सकाळी सातला ते निघाले. दर वीस किलोमीटरला थांबून चारही चाकांना हात लावला. चारही सारखी, नुसती कोमट. सहाव्यांदा थांबले तेव्हा रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने विचारलं, काही हरवलंय का. ते नाही म्हणाले.

ताई वॉकर धरून व्हरांड्यात चालत होत्या, बायको शेजारून पावलं मोजत होती. "एकोणीस, वीस. बास." मग तिने वर पाहिलं. तिने केस आखूड कापले होते. त्याबद्दल बारा-बारा मिनिटांच्या फोनांत एक अक्षर निघालं नव्हतं. चाकाचंच चालू होतं. आत गेल्यावर त्यांना तिच्या वस्तू दिसत गेल्या. खिडकीत तिचा चष्मा, खुंटीला तिची छत्री, खाटेशेजारी तिची म्हणून ठरून गेलेली खुर्ची. त्यांनीच पार्सलने पाठवलेले कपडे दोरीवर वाळत होते. माणूस पाहुणा असतो तेव्हा त्याच्या वस्तू एका पिशवीत असतात. तिच्या घरभर होत्या.

जेवणं झाली. ताई आडव्या झाल्या. दोघं व्हरांड्यात बसली.

"चाकं थंड आहेत," शिक्केसाहेब म्हणाले. "चारही."

"ते झालं. आता बोला."

त्यांनी एकशे चाळीस किलोमीटर एक वाक्य पाठ करत आणलं होतं. ते सापडेना. "तुला इथे बरं वाटतंय असं दिसतं," ते म्हणाले.

"सहा महिन्यांत तुम्ही एकदा तरी मला ये म्हणालात?"

"ताईंना गरज होती. मी मध्ये कशाला पडू."

"मी वाट बघत होते. तर कपड्यांचं पार्सल आलं." ती रस्त्याकडे बघत होती. "म्हटलं, यांचं बरं चाललंय."

"तू घाई नाही म्हणालीस."

"बिघडलेल्या गाडीतून घाईने या, असं म्हणू?"

पन्नास-पन्नास किलोची लोखंडी वजनं शिक्केसाहेबांनी तरुणपणी एका हाताने उचलली होती. "माझं बरं चाललेलं नाही," ते म्हणाले. "ये."

आत ताई कूस बदलताना कण्हल्या, तिने कान दिला, आवाज थांबल्यावर पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "आज नाही येता येणार. ताई काठीवर आली की येते. तीन आठवडे लागतील, कदाचित चार."

"चार तर चार."

"आणि पार्सल पाठवू नका."

"नाही."

चार वाजता ते निघाले. उजेडात पोचायचं होतं. ताईंनी खाटेवरूनच हात हलवला. बायको फाटकापर्यंत आली आणि मग दुसऱ्या बाजूने जाऊन दार उघडून शेजारी बसली. पाण्याची बाटली तिने मांडीवर घेतली.

"कोपऱ्यापर्यंत येते. औषधं घ्यायचीत."

कोपरा दोनशे पावलांवर होता. शिक्केसाहेबांनी गाडी सुरू केली, आरसा नीट केला, पुन्हा नीट केला. गाडी निघाली. एक कुत्रं त्यांना मागे टाकून पुढे गेलं. मग दोन पिशव्या घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई गेल्या. मागे एक टेम्पो येऊन थांबला आणि त्याने हॉर्न दिला.

"ब्रेक परत धरतोय वाटतं," ती म्हणाली.

"नाही," शिक्केसाहेब म्हणाले. "या वेळी माझाच पाय आहे."

कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आता स्पष्ट दिसत होतं.

"मग असू दे," ती म्हणाली, आणि टेम्पोवाल्याने पुढे जावं म्हणून काचेतून हात बाहेर काढून त्याला खूण केली.